वाडिया नावाचा डोंगर आणि आमच्या चाळीखालचा दगड

आजचं लिखाण चिडून लिहिलेलं आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना शनिवारी सकाळी शांत काहीतरी वाचायचं असेल त्यांनी पुढच्या आठवड्यात यावं.

झालं असं. भोईवाड्यात आमच्या चाळीला लागून एका जुन्या प्लॉटवर टॉवर येतोय. यात बातमी काही नाही. परळ-भोईवाड्यात टॉवर येत नसेल तर ती बातमी. पायलिंगच्या आधी सॉइल टेस्टिंगवाले आले, तिकाटण्यावर मशीन उभं केलं आणि आठवडाभर घरघर करत जमिनीला भोकं पाडली. त्या भोकातून दगडाचा जो लांबट दंडगोल बाहेर येतो त्याला कोअर म्हणतात. मनगटाएवढा जाड, काकडीसारखा गुळगुळीत. तो लाकडी खोक्यात ओळीने, कप्प्याकप्प्यांत मांडून ठेवतात. ऑफिसला जाताना मी रोज त्या खोक्यांपाशी दोन मिनिटं थांबायचे. आधी भराव, मग खाडीचा काळा चिखल, मग मुरूम, मग काळा दगड. आणि एका खोक्यात मध्येच हिरवट-राखाडी, नखाने खरवडला तर भुगा पडेल असा एक थर. त्याच्याखाली पुन्हा काळा दगड.

मी तिथल्या सुपरवायझरला विचारलं, "याचा बोअर लॉग बघायला मिळेल का?" म्हणजे कुठल्या खोलीवर काय लागलं त्याचा तक्ता. तो बिचारा सभ्य माणूस. "मॅडम, ते क्लायंटचं असतं," म्हणाला. क्लायंटच्या ऑफिसात फोन केला तर "ते कॉन्फिडेन्शिअल आहे". कन्सल्टंटकडे विचारलं तर त्यांनी पुन्हा क्लायंटकडे पाठवलं. चाळीच्या कमिटीतले काका म्हणाले, "अगं, तुला काय करायचंय दगडाचं? तू कॉम्प्युटरवाली ना?"

दगडाचं काय करायचंय ते सांगते. पाया खणायला त्यांनी खड्डा घेतला, खड्ड्यात पाणी लागलं, रात्रंदिवस पंप लावून ते उपसलं, आणि दीड महिन्यात आमच्या जिन्याच्या भिंतीला तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत तिरकी चीर गेली. आता चाळ जुनी आहे, चीर कशानेही जाऊ शकते. पण आमच्या उथळ पायाखाली जर खाडीचा चिखल असेल आणि शेजारच्याने त्यातलं पाणी काढून घेतलं असेल, तर तो चिखल आवळतो आणि वरचं घर खचतं. हे सिव्हिल इंजिनीअरिंगच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात असतं. आमच्याखाली चिखल आहे की नाही, किती जाड आहे, हे त्या तक्त्यावरून कळलं असतं. तो तक्ता भिंतीपलीकडे वीस फुटांवर आहे आणि मला बघायची परवानगी नाही.

त्या रात्री रागारागाने मी घरी आले आणि एक वेगळाच बोअर लॉग उघडला. भोक क्रमांक यू१४५७. अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून पश्चिमेला पावणेपाचशे-पाचशे किलोमीटरवर. पाण्याची खोली साडेतीन किलोमीटर. त्या पाण्याखाली पुन्हा ११०० मीटर गाळ आणि दगड. त्या भोकातल्या प्रत्येक कोअरचा फोटो, प्रत्येक थराचं वर्णन, त्याचं वय, घनता, चुंबकत्व, सगळं नेटवर आहे. फुकट. पासवर्ड नाही, "क्लायंटला विचारा" नाही. चहा निवेपर्यंत डाउनलोड झालं.

म्हणजे माझी अवस्था अशी आहे, की समुद्रात बुडालेल्या, गाळात गळ्यापर्यंत गाडलेल्या एका ज्वालामुखीचा सहा कोटी वर्षांचा इतिहास मला माझ्या चाळीखालच्या तीस मीटरांपेक्षा जास्त माहीत आहे. हा विनोद नाही, ही व्यवस्था आहे, आणि तिच्याविरुद्धच मला बोलायचंय.

पण आधी तो ज्वालामुखी. कारण तो इतका भारी प्रकार आहे, की त्याच्याबद्दल न सांगता नुसतं भांडण केलं तर पाप लागेल.

मुंबईहून सरळ पश्चिमेला निघालात तर समुद्र लगेच खोल होत नाही. जवळजवळ तीनशे किलोमीटर आपण उथळ मंचावर असतो. मुंबई हायच्या तेलविहिरी याच मंचावर आहेत. मग कडा येतो, तळ झपकन खाली जातो, आणि आपण लक्ष्मी खोऱ्यात उतरतो. खोऱ्याच्या पलीकडे लक्ष्मी रिज नावाची पाण्याखालची लांबलचक रांग. आणि या खोऱ्याच्या मधोमध, वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या ओळीत, तीन डोंगर उभे आहेत : रामन, पणिक्कर आणि वाडिया. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जहाजावरून ध्वनिलहरी, गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व मोजून १९९०च्या आसपास त्यांचा अभ्यास केला. रामन म्हणजे आपले सी. व्ही. रामन. पणिक्कर म्हणजे एन. के. पणिक्कर, त्या संस्थेचे पहिले संचालक. आणि वाडिया म्हणजे दाराशा नोशेरवान वाडिया, सुरतेत जन्मलेले, भारताच्या भूगर्भावरचं मोठं पुस्तक १९१९ साली लिहिणारे. भोईवाड्यात "वाडिया" म्हटलं की टॅक्सीवाला मुलांच्या हॉस्पिटलच्या दारात नेऊन सोडतो. ते वाडिया वेगळे.

पाण्याबाहेर डोकं न काढलेल्या अशा ज्वालामुखी डोंगराला सीमाउंट म्हणतात. रामन आणि पणिक्कर सीमाउंट आहेत. वाडिया हा 'गियो' आहे, म्हणजे माथा सपाट असलेला सीमाउंट. सह्याद्रीत फिरणाऱ्या ट्रेकर मंडळींना सपाट माथ्याचं कौतुक नाही. आपल्याकडे प्रत्येक दुसरा किल्ला सपाटच. पण इथे फसू नका. आपल्या किल्ल्यांचे माथे सपाट आहेत कारण लाव्हाचे थरच आडवे पसरलेले होते आणि भोवतालचा भाग झिजून गेला. गियोचा माथा सपाट होतो तो लाटांमुळे, असं सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. डोंगर एके काळी समुद्राच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेला असतो, कदाचित बेट म्हणून बाहेरही आलेला असतो. लाटा त्याचा शेंडा कापून काढतात आणि मग अख्खा डोंगर हळूहळू खाली जातो. वाडियाचा सपाट माथा म्हणजे कधीकाळी तिथे लाटा फुटत होत्या याची खूण. मुंबईच्या पश्चिमेला एक बेट होतं आणि ते बुडालं. व्हॉट्सॅपवर बुडालेल्या नगरांच्या गोष्टी फिरवणाऱ्यांना हे खरं बेट मात्र माहीत नसतं.

हे डोंगर झाले कसे? सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला, हे आपल्याला शाळेत शिकवतात, आणि तिथेच थांबतात. पण गोष्ट पुढे चालू राहते. भारत आणि सेशेल्स तेव्हा एकमेकांना चिकटलेले होते. भारत उत्तरेकडे पळत होता, आणि वाटेत जमीन ताणली, फाटली. आधी लक्ष्मी खोऱ्याच्या जागी फाटायला लागली. बहुतेकांच्या मते इथे काही काळ नवा समुद्रतळ तयार झाला. म्हणजे मधल्या फटीतून लाव्हा वर येत राहिला आणि दोन्ही बाजू लांब सरकत गेल्या. मग ही फट थंडावली. फाटण्याचं काम लक्ष्मी रिजच्या पलीकडच्या बाजूला गेलं, तिथून सेशेल्स सुटलं आणि निघून गेलं. आपल्या खोऱ्यातली फट अर्धवट राहिली, जसं एखादं प्रोजेक्ट मध्येच बंद पडतं. रामन, पणिक्कर आणि वाडिया हे नेमके त्या मेलेल्या फटीच्या रेषेवर उभे आहेत. खालून रियुनियनच्या तप्त स्रोताची धग होतीच (तोच स्रोत आज मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगतो आहे). ठिसूळ जागा सापडली तिथून लाव्हा वर आला आणि डोंगर रचले गेले.

मग सुरू झालं बुडणं. गरम दगड हलका असतो, थंड होताना जड होतो आणि खाली बसतो. समुद्रतळ लाखो वर्षं असाच खचत जातो. खोऱ्यासकट डोंगर खाली गेले आणि वरून गाळ पडत राहिला.

या गाळाचं पुस्तक वाचायलाच यू१४५७ खणलं. ३१ मार्च ते ३१ मे २०१५, जॉइडिस रेझोल्यूशन नावाचं ड्रिलिंगचं जहाज, मोहीम क्रमांक ३५५. कोलंबोहून निघालं आणि मुंबईला येऊन संपलं. मोहिमेचे दोन प्रमुख : गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतले पीटर क्लिफ्ट. त्यांनी डोंगराच्या डोक्यात भोक पाडलं नाही. डोंगर ज्या खोऱ्यात उभे आहेत त्याच्या पश्चिम कडेला पाडलं. डोंगराच्या पायाशी काय साचलं हे तिथेच कळतं.

तळापासून वर वाचू. शेवटच्या पंधरा-सोळा मीटरांत लागला बेसाल्ट, आपल्या घाटांतल्या दगडाचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ. त्याच्या डोक्यावर गडद तपकिरी चिखलाचा दगड, सुमारे सहा कोटी वीस लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे लाव्हा निवल्यावर पडलेला पहिला गाळ. आणि त्याच्यावर एकदम एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वीचा ढिगारा! मधली जवळजवळ पाच कोटी वर्षांची पानं गायब. ती लिहिलीच गेली नाहीत की लिहून फाडली गेली, हा वेगळा प्रश्न.

तो ढिगारा म्हणजे या गोष्टीतला सगळ्यात थरारक भाग. खोऱ्याच्या पूर्वेला, म्हणजे आपल्या बाजूला, गुजरात-सौराष्ट्रासमोरचा समुद्रमंच तुटला आणि खोल खोऱ्यात घसरला. उथळ पाण्यातले चुनखडीचे तुकडे साडेतीन किलोमीटर खोल जागी सापडले ते त्यामुळेच. या घसरणीला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय नटराज. तिचा आकार जवळपास २०,००० घन किलोमीटर काढला गेला आहे. जगातल्या अशा शांत समजल्या जाणाऱ्या किनाऱ्यांवर माहीत असलेल्यांत ही दुसऱ्या क्रमांकाची मोठी घसरण. हा आकडा डोक्यात शिरत नाही म्हणून मी गणित केलं. तो सगळा माल अख्ख्या महाराष्ट्रावर, गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत, सारखा पसरला तर ६५ मीटर जाडीचा थर बसेल. वीस मजली टॉवर बुडेल.

नटराजाच्या वर आहे सिंधू नदीचा गाळ. हिमालय झिजतो, सिंधू तो वाहून आणते, आणि समुद्राच्या तळावरून तो वाहत वाहत शेकडो किलोमीटर दक्षिणेला येतो. नर्मदा-तापीचाही थोडा हातभार. याच थरांतल्या पानांच्या मेणावरून शास्त्रज्ञांनी शोधलं, की सुमारे ७५ लाख वर्षांपूर्वी सिंधूच्या खोऱ्यात झाडं कमी होऊन गवत पसरू लागलं. समुद्राच्या तळाच्या चिखलात, गवताची बातमी!

थोडक्यात, दख्खनच्या आगीने रचलेले डोंगर, गुजरातच्या किनाऱ्याची दरड पायाशी कोसळलेली, आणि वरून हिमालयाची माती. आज त्यांचे माथे गाळातून वर डोकावतात. पायथे गाडले गेले आहेत.

आणि यावर एकमत झालंय असं समजू नका. २०१९ साली मोहिमेतल्याच काही शास्त्रज्ञांनी त्या तळाच्या बेसाल्टचं रसायन तपासून लिहिलं, की हा साधा समुद्रतळाचा दगड वाटत नाही. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकायला सुरुवात होते तिथल्या दगडासारखा वाटतो. झालं, जुन्या चित्राला धक्का. शिवाय खोऱ्याखाली खरा समुद्रतळ आहे की ताणून पातळ झालेली जमीन आहे, हा वाद आधीपासून आहेच. भांडण चालू आहे आणि ते छान चालू आहे. का? कारण तुकडे सगळ्यांसमोर आहेत. मोहीम संपल्यावर एक वर्ष माहिती फक्त जहाजावरच्या लोकांची असते, मेहनत त्यांची म्हणून. मग ती जगाची. दगड स्वतः जपानमधल्या कोची शहरात, थंड गोदामात ठेवलेत (आपली केरळातली कोची नव्हे, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही फसले). जगातला कुठलाही संशोधक अर्ज करून नमुना मागू शकतो. ते जहाज २०२४ मध्ये शेवटची मोहीम करून निवृत्त झालं. जहाज गेलं, पण त्याने पाडलेलं एकही भोक वाया गेलं नाही.

आता परत भोईवाड्याला येऊ.

इथे कुणी म्हणेल, समुद्रातल्या डोंगराचं ठीक आहे, ते शास्त्र. चाळीखालचा दगड म्हणजे बांधकाम. या दोन गोष्टींचा संबंध काय? संबंध असा, की तो एकच दगड आहे. म्हणजे एकाच कहाणीतला. घाटातला लाव्हा सहा कोटी साठ लाख वर्षांचा, पण मुंबईचा बराचसा दगड त्याहून तरुण, सहा कोटी वीस-पंचवीस लाखांच्या घरातला. म्हणजे लक्ष्मी खोऱ्याच्या तळाचा दगड आणि आपल्या शहराचा दगड साधारण एकाच काळातले, एकाच फाटाफुटीतले. घाटात थर आडवे आहेत. मुंबईत ते पश्चिमेकडे कललेले आहेत, कारण किनारा त्या बाजूला वाकला. मुंबईत लाव्हा पाण्यात ओतला गेल्याच्या खुणा आहेत, उशांसारखे गोल गोल गोळे. मध्ये मध्ये तळ्यांत आणि खाजणांत बसलेल्या चिखलाचे थर आहेत, राखेचे थर आहेत. खोऱ्यातला वाडिया बुडाला, अलीकडचं परळ पाण्याच्या वर राहिलं. आमच्या जवळची गोलंजी हिल आणि तो वाडिया, नशीब वेगळं एवढंच. आणि नंतर आपल्याकडेही गाळ बसलाच. सात बेटांच्या मधल्या खाड्या, त्यांतला चिखल, त्यावर माणसाने टाकलेला भराव. गाळाखाली झाकलेला ज्वालामुखी म्हणजे काय हे बघायला जहाज लागत नाही. भोईवाडा नाक्यावर उभं राहून पायाखाली बघायचं.

म्हणूनच त्या खोक्यातल्या हिरवट-राखाडी थराने माझं डोकं खाल्लं. ती राख होती? तळ्यातला चिखल होता? हा प्रश्न माझ्यासारख्या हौशी बाईचा नाही. दोन कडक बेसाल्टच्या मध्ये असा मऊ थर असेल तर खोदताना तो ओल लागून सुटतो, आणि त्यावर पाया टेकणाऱ्याला तो माहीत असलेला बरा असतो. शेजारच्या प्लॉटवाल्यालाही. चाळीलाही.

आणि मुंबईचा इतिहास बघा. या शहराच्या पोटातलं आपल्याला जे काही चांगलं ठाऊक आहे ते बहुतेक दुसऱ्याच कामासाठी खणलेल्या खड्ड्यांतून आलंय. वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या शेलमध्ये इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णन छापलं. हा तोच गृहस्थ ज्याने 'डायनोसॉर' हा शब्द घडवला. त्याच थरांत कासव सापडलं. हेन्री कार्टर नावाच्या, मुंबईत सरकारी नोकरीत असलेल्या डॉक्टरने १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूगर्भावर अख्खा निबंध लिहिला. डॉक्टरने! १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराच्या झाडांची खोडं मिळाली, मुळांसकट जागच्या जागी उभी. एक बुडालेलं जंगल. गोदी बांधणाऱ्या इंजिनीअरांनी ते बघितलं, मोजलं, कळवलं. ते साहेब लोक फार थोर होते असं मला म्हणायचं नाही. ज्या मजुरांच्या कुदळीला ते खोड लागलं त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण बघितलं, आणि छापलं.

आता आपण काय करतोय? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांच्या जमिनींवर जेवढे खोल खड्डे खणले गेले तेवढे त्या लोकांनी जन्मात बघितले नसतील. दोन-तीन बेसमेंट आता साधी गोष्ट. मेट्रो-३ तर कफ परेडपासून आरेपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर, जवळजवळ सगळी जमिनीखालून, २०२५च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली. कोस्टल रोडचे मलबार हिलखालचे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे २०२४ पासून वापरात आहेत. या प्रत्येक कामाआधी भोकं पाडली गेली, लॉग लिहिले गेले. जन्मभर पुरेल एवढं मुंबईचं भूगर्भशास्त्र या फायलींमध्ये पडून आहे. एका नकाशावर, एका जागी, कुणालाही बघता येईल असं ते ठेवलेलं नाही. सरकारी कामाचं असेल तर माहितीच्या अधिकारात एकेक अर्ज टाकत बसा. खाजगी असेल तर विषय संपला.

हे होऊ शकत नाही असं नाही. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या साइटवर दहा लाखांहून जास्त भोकांच्या नोंदी आहेत. नकाशावर टिंब, टिंबावर क्लिक केलं की बहुतेक वेळा हाताने लिहिलेला जुना लॉगसुद्धा उघडतो. नेदरलँड्सने तर २०१८ पासून कायदाच केलाय : सरकारी यंत्रणांनी जमिनीखालची माहिती गोळा केली की ती सार्वजनिक नोंदवहीत भरायची, आणि कुठल्याही सरकारी निर्णयाआधी ती नोंदवही बघायची. पाव देश समुद्राच्या पातळीखाली असला की शहाणपण येत असावं. आपण खाडीवर भराव टाकून बसलोय, आपल्याला कधी येणार? आणि आपल्या सरकारलाही जमतं. २०२३च्या डिसेंबरात केंद्राने भूवैज्ञानिक माहितीचं राष्ट्रीय पोर्टल सुरू केलं. पण त्याची धाव खनिजांकडे. जिथे काही खणून विकता येईल तिथली माहिती महत्त्वाची.

हाच तो 'उपयोग काय' नावाचा रोग. समुद्रातही तेच. हिंदी महासागरात अफानासी निकितिन नावाचा दुसरा सीमाउंट आहे. त्याच्या उघड्या दगडावर कोबाल्टची साय धरली आहे, म्हणून २०२४ साली भारताने तिथे शोध घेण्याची परवानगी आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाकडे मागितली. आपले रामन-वाडिया गाळात बुडालेले. दगड उघडा असेल तरच कोबाल्टची साय धरते, गाळाखाली धरत नाही. म्हणून त्यांच्याबद्दल पेपरात काही येत नाही. बिनकामाचे डोंगर! त्यांच्या पायथ्याशी पाडलेल्या भोकाने मात्र एका राक्षसी दरडीचा पत्ता पक्का केला, हिमालयाच्या झिजेचा हिशोब दिला आणि गवताची बातमी सांगितली. काय सापडेल हे आधी माहीत असतं तर भोक कशाला पाडलं असतं?

आता मला मिळालेली उत्तरं एकेक घेते.

"आम्ही पैसे खर्च केलेत." कबूल. दोन महिने जहाज समुद्रात उभं करायला किती लागले असतील याचा अंदाज करा, आणि त्यांनी एका वर्षात सगळं उघडं केलं. तुम्हाला एक वर्ष कमी पडत असेल तर टॉवरला ओसी मिळेपर्यंत ठेवा. तोपर्यंत तुमचा सगळा फायदा घेऊन झालेला असतो.

"सुरक्षेचा प्रश्न आहे." कसली सुरक्षा? भोईवाड्यात बारा मीटरवर मुरूम लागतो हे कळल्याने कुठल्या शत्रूचं फावणार आहे?

"लोकांना कळत नाही, उगाच घाबरतील." हे उत्तर मला एका अतिशय शिकलेल्या माणसाने दिलं. खरं कारण याच्यातच आहे. जमिनीखाली चिखल जाड आहे हे नकाशावर दिसलं तर फ्लॅटचा भाव उतरेल. म्हणजे जी माहिती घर घेणाऱ्याला सगळ्यात आधी हवी, ती त्याच्यापासूनच लपवायची. फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये स्विमिंग पूलच्या टाइल्सचा रंग असतो. पाया कशावर टेकलाय ते नसतं.

आणि आपण? आता जरा आपल्याच जमातीकडे वळते. आपण सॉफ्टवेअरवाले ओपन सोर्सच्या जिवावर पगार खातो. कोड उघडा असला की हजार डोळे बघतात, चुका सापडतात, यावर आपण तासन्‌तास बोलतो. मग चाळीस लाख ते चार कोटी कर्ज काढून फ्लॅट घेताना आपल्यापैकी किती जणांनी सॉइल रिपोर्ट मागितला? मी नाही मागितला. बहिणीच्या फ्लॅटच्या बुकिंगला गेले होते, मॉड्युलर किचन बघून परत आले. प्रत्येक जण एक-एक रिपोर्ट मागू लागला, नाही दिला तर बुकिंगची पेन खाली ठेवू लागला, तर महिनाभरात कॉन्फिडेन्शिअल हा शब्द विरघळेल.

माझी मागणी फार मोठी नाही. महापालिका बांधकामाला परवानगी देताना पायाची कागदपत्रं बघतेच. त्यातले बोअर लॉग एका ठरलेल्या नमुन्यात घ्या : जागेचे अक्षांश-रेखांश, खोली, थर, पाणी कुठे लागलं. ओसीबरोबर ते नकाशावर टाका. सरकारी कामांचे आजच टाका, ते आपल्याच पैशांचे आहेत. आणि कोअर फेकण्याआधी विद्यापीठांच्या, आयआयटीच्या भूगर्भवाल्यांना एक फोन करा, हवं ते घेऊन जा म्हणून. एखाद्या खड्ड्यात अजून एक बेडूक निघेल. नकाशा बनवायला माणसं लागणार असतील तर मी शनिवार-रविवार देते. माझ्यासारखे आणखी दहा जण मिळवून देते. फॉरमॅट, सर्व्हर, जे काय लागेल ते.

गेल्या आठवड्यात शेजारी पायलिंग सुरू झालं. खोकी कंपाउंडच्या पत्र्याला टेकवून ठेवली होती, त्यातलं एक उलटून कोअर चिखलात पडले होते. वॉचमन एका तुकड्याने गेट अडवत होता. मी त्याला विचारून बाजूचा एक तुकडा उचलून आणला. काळा दगड, आत तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके, आणि एका टोकाला तो हिरवट-राखाडी थर चिकटलेला, बोटभर. आता तो टेबलावर मॉनिटरच्या शेजारी आहे. त्यावर निळ्या मार्करने लिहिलंय, बीएच-३, आणि पुढे खोली. खोलीचा आकडा पावसाने पुसला गेलाय.